चिमूटभर जास्त

शर्यतीच्या दिवशी सकाळी बाबांनी चिंधीला हात पुसत सहज विचारलं, "मग, तळाचे बोल्ट कधी आवळायचे?" आणि चहा पिणाऱ्या थोरलीने कप खाली ठेवला.

गाडी समोर उभी होती. बॉनेट उघडं, इंजिन जागच्या जागी बसलेलं, तेलपाणी भरलेलं. गेले दोन आठवडे धाकटा तीच गाडी घेऊन गावभर मिरवत होता. बाबा ज्या तळाबद्दल विचारत होते तो केव्हाच बंद होऊन गाडीच्या पोटात गेला होता, आणि बंद केला होता तो खुद्द बाबांनी.

"कुठले बोल्ट, बाबा?" तिने जपून विचारलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. मग त्यांची नजर खाली गेली. "चाकांचे गं," ते म्हणाले. "चाकांचेच म्हणतोय. सकाळी सकाळी जीभ घसरते माणसाची." आणि ते उगाच हसले. बाबांना आयुष्यात धड खोटं बोलता आलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या गाडीत रंगाखाली लपवलेला गंज त्यांना लांबून दिसे, पण स्वतःचं खोटं काही लपवता येत नसे. थोरलीने कपातला उरलेला चहा मोरीत ओतला.

आता ही गाडी काय होती ते सांगायला हवं, कारण त्या घरात ती नुसती गाडी नव्हती. दोन माणसांची, छप्पर नसलेली, लांब नाकाची ती स्पोर्ट्स कार बाबांनी लग्नाआधी भंगारातून ओढून आणली होती. लग्न ठरल्यावर आईला त्यांनी पहिल्यांदा फिरायला नेलं ते याच गाडीतून, आणि परत आणलं ते ढकलत. ढकलत होती आई. तेव्हापासून आई गाडीला सवत म्हणे. "झाली का माझ्या सवतीची वेणीफणी? मग या जेवायला," असं ती अंगणापलीकडून ओरडायची, कारण घर आणि गॅरेज यांच्यामध्ये फरशीचं एवढंसं अंगण होतं. पोरंही मग सवतच म्हणू लागली. शेजारी नव्याने राहायला आलेले लोक आधी दचकत आणि नंतर हसत.

दरवर्षी गावामागच्या घाटात जुन्या गाड्यांची शर्यत व्हायची. एकेक गाडी खालून सोडायची आणि वर पोचायला किती वेळ लागला ते घड्याळावर बघायचं, एवढाच खेळ. सवत दरवर्षी जायची आणि दरवर्षी मधल्या नंबरावर यायची. पूर्वी बाबा चालवायचे, आता धाकटा. यंदा थोरलीने ठरवलं की पुरे झाला हा मधला नंबर. तिने हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, घासून घेतलं, हवा आत जायच्या वाटा रुंद आणि गुळगुळीत केल्या, नवा कॅमशाफ्ट घातला, फ्लायव्हील हलकं केलं आणि एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन मोठे बसवले. बाबांनी ते पाहून "नाकापेक्षा मोती जड" एवढंच म्हटलं. पण पूर्वी ज्या वेगाला इंजिन दमायचं, तिथे आता कुठे त्याला कंठ फुटणार होता. आणि इंजिन जितकं जास्त फिरणार, तितका त्याच्या तळावर ताण येणार होता.

तळ म्हणजे रॉड. पिस्टन वरखाली धावतो, त्याला खालच्या फिरत्या दांड्याशी, म्हणजे क्रँकशी, जोडतो तो रॉड, आणि रॉडला क्रँकवर धरून ठेवतात दोन बोल्ट. चार रॉड, आठ बोल्ट. त्यातला एक जरी भरधाव इंजिनात सुटला, तरी रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो, तेल मागच्या चाकांखाली सांडतं, आणि गाडी वळणावर असेल तर पुढचं बोलायलाच नको. घाटात वळणं पुष्कळ होती. कठडा असलेली त्यातली थोडीच.

बाबांनी हे बदल करू दिले ते एका अटीवर. "डोकं तुझं, तळ माझा." हेडपासून वरचं सगळं तिने बघायचं, खालचं त्यांनी. शिवाय गॅरेजातला जुना नियम होताच: जो बोल्ट आवळेल त्याने त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. बाबांचा पिवळा, थोरलीचा निळा. ठिपका म्हणजे दिलेला शब्द. दुसऱ्याच्या रंगाला पाना लावायचा नाही, नुसता तपासायलासुद्धा नाही, कारण लावला तर त्याचा अर्थ समोरचा खोटारडा आहे असा होतो. एका चांगल्या तयार कारागिराला बाबांनी एवढ्याच कारणावरून संध्याकाळच्या आत घरी पाठवलं होतं. इतकी वर्षं बाप-लेक एकाच इंजिनावर वाकून राबले, भांडले, कधी कधी दिवसदिवस अबोला धरला, पण एकमेकांच्या रंगाला हात लावला नव्हता.

थोरलीने आठवून पाहिलं. इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं असायचं तेव्हा ती पलीकडच्या टेबलावर हेड घेऊन बसलेली असायची. अधूनमधून मान वर केली की बाबा आपले इंजिनावर वाकलेले. त्यांचा टॉर्कचा पाना, म्हणजे ठरल्या आकड्याला पोचला की आवाज देणारा, 'टक्' वाजायचा. मग तो बाजूला ठेवून ते साधा पाना घ्यायचे आणि वरून चिमूट द्यायचे. ही चिमूट बाबांची खासियत. आकडा लागला की बाकीचे लोक थांबतात. बाबा वर आणखी नखभर फिरवायचे. "आकडा पान्याला कळतो, लोखंड हाताला कळतं," असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांनी बांधलेलं एकही इंजिन तळातून सुटलेलं कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्या चिमटीला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. तर ते 'टक्' तिने ऐकलं होतं खरं. पण आठही बोल्टांचं ऐकलं होतं का? ते तिला सांगता येईना.

"ताई, दोनला निघायचं हं," म्हणत धाकटा आत आला. हेल्मेट त्याने सकाळपासून काखोटीला मारलं होतं, जणू कुणी पळवून नेणार होतं. "आज पहिल्या तिघांत नाही आलो तर मिशी काढून टाकीन."

"आहे कुठे ती?"

"उगवायला लागलीये. उजेडात बघ."

एरवी ती हसली असती. "स्टार्ट कर जरा," ती म्हणाली.

इंजिन सुरू झालं. तिने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या बाजूला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. एकेका रॉडपाशी थांबून ऐकलं. आवाज स्वच्छ होता. एखादा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून राहून गेला असता, तर दोन आठवड्यांच्या फिरण्यात त्याने ठोका द्यायला हवा होता. बहुतेक दिलाच असता. पण धाकटा दोन आठवडे गाडी हळू चालवत होता; नवं इंजिन रुळेपर्यंत हळूच चालवायचं, असं तिनेच त्याला बजावलं होतं. पूर्ण वेगाने ते आज पहिल्यांदाच फिरणार होतं, तेही घाटात. आणि 'बहुतेक' या शब्दावर भावाला घाटात सोडायचं का, हे तिला ठरवायचं होतं.

धाकट्याला सांगावं तर तो पोटात काही ठेवणारा नव्हता. तो तिथल्या तिथे "काय बाबा, विसरलात की काय?" म्हणून मोकळा झाला असता. बाबांना विचारावं तर ते म्हणणार, ठिपका आहे ना? इकडे आड, तिकडे विहीर. ती अंगण ओलांडून स्वयंपाकघरात गेली.

आई भांडी विसळत होती.

"आई, बाबा हल्ली विसरतात का गं?"

आईचे हात पाण्यात थांबले. "कोण म्हणतं?"

"मी विचारतेय."

"विसरत नाहीत. उलट जरा जास्तच लक्ष ठेवतात. कुलूप लावलं तरी परत उठून बघून येतात, लावलेलंच असतं. गॅस बघतात. मग परत कुलूप बघतात. वय झालं की माणूस काळजी करायला लागतो, त्यात काय एवढं?" आई हे सगळं एका दमात बोलली, जणू पाठ करून ठेवलं होतं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काय करायचं मनात आहे तुझ्या?"

"तळ उघडून बघायचाय."

"पिवळ्याला हात लावणार? अगं, ते त्या गॅरेजात पुन्हा पाऊल ठेवायचे नाहीत. तुला माहीत आहे त्यांचा स्वभाव. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. आणि गॅरेज सुटलं तर दिवसभर करतील काय? माझ्या तोंडाकडे बघत बसतील?"

"आणि घाटात धाकट्याला काही झालं तर?"

"तसलं काही बोलू नकोस."

"नाही बोलत. पण झालं तर?"

आईने नळ बंद केला. टॉवेलला हात पुसले, कोरडे झाले तरी पुसत राहिली. थोरलीला आईची दया आली आणि स्वतःचा रागही आला, पण ती हलली नाही.

"जेवायला बोलावते त्यांना," आई शेवटी म्हणाली. "जेवून आडवे होतात. मी लवकर उठू देणार नाही."

धाकट्याला तिने पेट्रोलचा रिकामा डबा देऊन हमरस्त्यावरच्या पंपावर पिटाळलं. "इथल्या पंपावरचं का चालत नाही?" त्याने विचारलं. "दोन मोठ्या कार्ब्युरेटरांना नाही चालत," ती म्हणाली. कार्ब्युरेटरचं नाव घेतलं की धाकट्याला काहीही पटायचं. तो शीळ घालत गेला.

बाबा जेवायला गेल्याबरोबर तिने गॅरेजाचं दार लोटलं, गाडी जॅकवर चढवून खाली आधाराचे लोखंडी घोडे लावले आणि तेल घमेल्यात सोडलं. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, कडेच्या बोल्टांनी बसवलेलं होतं आणि त्या प्रत्येक बोल्टावर पिवळा ठिपका होता. पहिल्या बोल्टाला तिने पाना लावला. चोरी करायला घुसल्यासारखं वाटत होतं, तेही स्वतःच्या घरात. पिवळा रंग तडकला आणि त्याचा बारीक कण तिच्या गालावर पडला. त्यानंतर मात्र ती भराभरा हात चालवत राहिली.

चेंबर खाली आलं. वर क्रँक दिसला, तेलाने चकाकणारा, आणि त्यावर रॉड. तिने बॅटरी तोंडात धरली आणि पाहिलं. ठिपके होते. सगळे होते. पण नुसत्या ठिपक्यावर भागणार नव्हतं. तिने टॉर्कचा पाना आकड्यावर लावला आणि पहिल्या बोल्टाला जोर दिला. बोल्ट जागचा हलला नाही. 'टक्.' दुसरा. 'टक्.' तसेच तिसरा आणि चौथा. इंजिनाच्या पुढची पुली फिरवून क्रँक वळवला, आतले दोन रॉड खाली आले. 'टक्', 'टक्.' प्रत्येक आवाजाबरोबर तिच्या छातीवरचं ओझं थोडं थोडं उतरत होतं. आठव्या 'टक्'ला तिने पाना छातीवर ठेवला आणि गाडीखाली उताणी पडून हसत आणि रडत राहिली. बाबा विसरले नव्हते. बाबा पक्के होते, आणि तिने त्यांच्यावर संशय घेतला होता.

तेवढ्यात दार करकरलं. गाडीच्या कडेखालून तिला बाबांच्या चपला दिसल्या.

"कुलूप बघायला आलो होतो," बाबा म्हणाले.

ती सरपटत बाहेर आली. बाबांनी घमेल्यातलं तेल पाहिलं, जमिनीवरचं चेंबर पाहिलं, तिच्या हातातला पाना पाहिला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पिवळा दिसला नाही का तुला?"

"दिसला, बाबा."

"मग?"

"सकाळी तुम्ही विचारलंत, बोल्ट कधी आवळायचे... मला भीती वाटली. धाकटा आज पूर्ण वेगाने..."

"निघाले का ढिले?"

"नाही. आठही घट्ट आहेत."

"आठही." बाबांनी मान डोलावली. "चांगलं केलंस. आता खात्री झाली ना तुझी? मग डोकंही तुझं आणि तळही तुझा. मी काही आता पान्याला हात लावत नाही." आणि ते दाराकडे वळले.

काहीतरी करायला हवं म्हणून थोरली पुन्हा गाडीखाली शिरली आणि चिंधीने रॉडच्या टोपीवरचं, म्हणजे दोन बोल्टांनी धरलेल्या खालच्या अर्ध्या कड्यावरचं, तेल पुसू लागली. तिथे तिच्या बोटांना पिवळा ठिपका लागला. तो ठिपका नव्हताच, तो चांगला टेंगळाएवढा गोळा होता. तिने नखाने खरवडला, तर एक जाड खपली निघून तिच्या तळहातावर पडली. बॅटरीच्या उजेडात तिने खपलीची कड पाहिली. पिवळा थर, मग तेलाचा काळपट थर, मग पुन्हा पिवळा, पुन्हा काळपट. कांद्यासारखे पापुद्रे होते. शेजारच्या बोल्टावरही तसाच गोळा. त्याच्या शेजारीही.

तिला आठवलं: मान वर केली की बाबा आपले इंजिनावर वाकलेले. कुलूप लावलं तरी परत उठून बघतात, लावलेलंच असतं. ते आवळायचं विसरले नव्हते. आवळलं हे विसरले होते. म्हणून रोज आले, रोज आवळलं, इमानाने ठिपका दिला, आणि रोज वरून एक चिमूट. टॉर्कचा पाना बोल्ट ढिला असेल तर सांगतो. बोल्ट किती जास्त ताणला गेलाय ते तो सांगत नाही.

बाबा दारापर्यंत पोचले होते. आता काही न बोलता तिला बोल्ट बदलता आले असते. बाबा दुखावलेले राहिले असते, पण स्वतःच्या नजरेत खरे राहिले असते. उद्या मात्र ते दुसऱ्या कुणाच्या तरी इंजिनावर वाकले असते.

"बाबा, थांबा," ती म्हणाली.

तिने पाना लावून एक बोल्ट सोडवला. तो सुटताना घट्ट बोल्टाचा खणखणीत हिसका बसला नाही. मऊसर, रबरासारखा सैलावत गेला. बाहेर येऊन तिने तो बाबांच्या हातावर ठेवला.

बाबांनी तो उजेडात धरला. मग खण उघडून त्याच जातीचा नवा बोल्ट काढला आणि दोन्ही बोल्ट सपाट लोखंडी पाटावर शेजारी शेजारी उभे केले. जुना नखाच्या जाडीएवढा उंच भरला. बाबांनी त्याच्या कमरेवरून अंगठा फिरवला, तिथे लोखंड ओढून बारीक झालं होतं. म्हातारा क्षणात पूर्वीचा बाबा झाला. कपाळाला आठ्या, आवाजात जरब.

"हा कोणी ताणलाय? कुठल्या गाढवाने? हा वर घाटात गेला असता तर दुसऱ्या वळणालाच तुटला असता! बोल, कोणी हात लावला याला?"

थोरलीने ती पिवळी खपली पाटावर, बोल्टांच्या शेजारी ठेवली.

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. खपली उचलली, कडेने फिरवली. बराच वेळ ते थर बघत राहिले. मग खुर्ची जवळ असूनही ते स्टुलावरच्या चिंध्या खाली टाकून त्या स्टुलावर बसले.

"कितीदा?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

"मलाही माहीत नाही." खपली पाटावर ठेवून ते म्हणाले, "मला वाटायचं, राहिलंय. प्रत्येक वेळी वाटायचं, राहिलंय. राहून जाऊ नये म्हणून..." त्यांनी जुना बोल्ट पाटावर आडवा केला. "पोरगा गेला असता गं माझ्या हातून."

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात तेलाने माखलेला होता, सदऱ्यावर डाग पडला. दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

धाकटा पेट्रोलचा डबा घेऊन आला तो दारातच किंचाळला. "ताई! डोकं फिरलंय का तुझं? दोनला निघायचंय आणि तू सवतीचं पोट फाडून बसलीयेस?"

"तिला काही बोलू नकोस," बाबा म्हणाले. "बोल्ट मी ताणलेत. आवळलेले परत परत आवळले. माझ्या लक्षात राहत नाही हल्ली."

"तुम्ही? चेष्टा करताय." धाकटा हसायला लागला. कुणीच साथ देत नाही म्हटल्यावर थांबला. त्याने ताईकडे पाहिलं, मग पाटावरचे दोन बोल्ट पाहिले. बोल्टांमधलं त्यालाही कळत होतं. त्याच बापाचा मुलगा होता. हेल्मेट त्याने खाली ठेवलं, सकाळपासून पहिल्यांदाच.

"आज घाट नाही," बाबा म्हणाले. "घाईत तळ बांधायचा नाही. आधीच अति झालंय, अति तिथे माती. ती आणखी नको."

"बरं," धाकटा म्हणाला. वर्षभर वाट पाहिलेल्या माणसाने एवढ्या लहान आवाजात बरं म्हणावं, याचं थोरलीला वाईट वाटलं. मग तोच म्हणाला, "मिशीला तेवढंच एक वर्ष मिळालं." बाबांच्या तोंडावर हसू आलं, आणि मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

दुपारभर तिघे तळाशी बसले. धाकटा पुली फिरवून क्रँक वळवत होता, थोरली जुने बोल्ट काढून नवे लावत होती. आवळायची वेळ आली तेव्हा तिने टॉर्कचा पाना बाबांपुढे धरला.

"मी म्हटलं ना, हात लावणार नाही."

"हात तुमचाच हवा," ती म्हणाली. "मी शेजारी आहे."

बाबा पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. 'टक्.' मग साधा पाना, मग एक चिमूट. हात जराही कापला नाही. सवयीने त्यांनी खिशातून पिवळ्या रंगाची बाटली काढली आणि झाकण उघडता उघडता थांबले.

"तू लाव," ते म्हणाले. "तुझा."

"आवळलं तुम्ही. मग रंग तुमचाच."

"माझा पिवळा दिसला की तो तपासायचा मला हक्क आहे. मी परत आवळीन. निळ्यावर माझा हक्क नाही." त्यांनी बाटली तिच्या हातात कोंबली. "लाव मुकाट्याने."

तिने निळा ठिपका दिला. मग दुसऱ्या बोल्टावर, मग पुढच्या. मध्ये एकदा बाबांनी विचारलं, "हा झाला का?" तिने बॅटरी धरली, त्यांनी ठिपका पाहिला आणि ते पुढे सरकले. दुसऱ्याच्या रंगाला हात लावायचा नाही, हा नियम बाबांचाच होता. त्यांनी तो आजवर कधी मोडला नव्हता; घरात तो मोडला तो एकट्या तिने, आणि तोही आज.

आठही झाल्यावर तिने चेंबर लावलं नाही. उद्या लावू म्हणाली. धाकटा तोंड धुवायला गेला. बाबांनीही हात धुतले आणि अंगण ओलांडून घरात गेले. ती एकटीच पाने पुसून जागच्या जागी ठेवत राहिली. घाटाच्या बाजूने कुणाच्या तरी गाडीचा आवाज वर चढत गेला. तो चांगल्या बांधलेल्या इंजिनाचा आवाज होता.

दार पुन्हा करकरलं. बाबा दारात उभे होते. ओल्या हातांनी, काळजीने भरलेल्या चेहऱ्याने.

"पोरी, तो पाना दे बघू," ते म्हणाले. "तळाचे बोल्ट राहिलेत. धाकटा घेऊन जायचा तशीच."

थोरलीने पाना दिला नाही, नाहीही म्हटलं नाही. बॅटरी पेटवून गाडीखाली धरली. बाबा गुडघ्यावर हात टेकत वाकले, चष्मा सावरला आणि एकेक रॉड बघितला.

"निळा आहे," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"तू केलंस होय हे." त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि गाडीला धरून सावकाश उभे राहिले. "मग झालं. दुसऱ्याच्या रंगाला हात लावायचा नसतो."

आणि ते जेवायच्या आधी हात धुवायला घरात गेले.